पट्टा टांगून गेला तो!

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या ना वहिनी. सूनबाई आत आहे, तिच्या कानावर नको. टोकियोहून आली ना, ह्यांना घड्याळ, नणंदेला पर्स, आणि मला? एक चित्र! हे एवढं उंच, अरुंद. मध्ये झगा घातलेला एकच माणूस, बाकी सगळा कोरा कागद. ह्यांचा चेहरा असा काही पडला... म्हणाले, "रंग संपले होते वाटतं!"

"बाबा, मूळ चित्र तिथल्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, आठशे वर्षांचं."
मी विचारलं, "काढलं कुणी?"
म्हणते, "काय."
"अगं, तेच विचारतेय, कुणी?"
तर नावच 'काय' हो! लिआंग आडनाव.

तर काय सांगत होते... हां, हा लिआंग. चीनमध्ये हांगचौला सोंग घराण्याच्या राजाच्या चित्रशाळेत मोठ्या मानाची जागा. १२०१ ते १२०४ मधली गोष्ट. राजानं सोन्याचा पट्टा दिला. सोन्याचा, वहिनी! ह्यानं काय करावं? तिथंच टांगला नि चालता झाला. दरबाऱ्यांची तोंडं काय झाली असतील! लोक 'वेडा लिआंग'च म्हणायचे. घ्यायचाही म्हणे थोडी... थोडी कसली!

आणि चित्रातला तो कोण, तर ली बाय. तांग काळातला कवी, ह्याच्या आधी साडेचारशे वर्षं गेलेला. तोही पिणारा. भर दरबारात बादशहाच्या लाडक्या खोजाला बूट काढायला लावले म्हणतात. एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं!

पण वहिनी, दुपारी एकटीच बघत बसले होते. चेहरा, दाढी अगदी बारीक रेघांची. हनुवटी वर, जणू काही पुटपुटतोय. आणि झगा? ओल्या कुंचल्याचे मोजके रुंद, फिकट फटकारे. तरी चालताना कापड हलतंय असं वाटतं. येत नव्हतं म्हणून नाही हो! ह्याच लिआंगनं डोंगरातून उतरणारा बुद्ध काढलाय, रेशमावर, रंगीत, सगळं रेखीव. सूनबाईच्या फोनवर पाहिला ना मी.

ह्यांना अजून सांगितलं नाहीये, तुम्हीही बोलू नका. पण चित्रात मी नीट शोधलं, अगदी चष्मा लावून. त्या झग्याला कमरेशी पट्टा काही मला दिसला नाही.

अगं बाई, आले गं, आले! दूध उतू गेलं वाटतं...