मारेकरी : नवशिक्या उपसंपादकांसाठी

'मारेकरी' हा शब्द दिसायला गरीब. शेतकरी, वारकरी यांच्याच पंगतीतला. अनेकवचनातही रूप तेच राहते, म्हणून रात्री उशिरा आलेल्या बातमीला 'मारेकरी फरार' हा मथळा सर्वांत सोयीचा. क्रियापद घालू नका. 'पळाला' की 'पळाले' हे पोलीस सकाळी ठरवतील.

शब्द कुणालाही वाटत सुटू नये. बांधाच्या वादात चुलत्याला कुऱ्हाड घालणारा खुनी. मारेकरी म्हणवून घ्यायला मेलेला माणूस मोठा लागतो, आणि मारणाऱ्याशी त्याचे घरगुती भांडण नसलेले बरे.

आता अवघड भाग. मेलेला आपल्याला आवडत होता का, हे आधी पाहावे. 22 जून 1897 रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. इथे 'मारेकरी' लिहिलेत तर दुसऱ्या दिवशी फोन उचलायला तुम्हीच बसा. इथे 'क्रांतिकारक' लिहायचे, तेही आदरार्थी बहुवचनात, आणि कृत्याला 'वध'. रँड एकेरी. त्याच हल्ल्यात लेफ्टनंट आयर्स्टही मेला. त्याच्यासाठी शब्द शोधत बसू नका, बहुतेक लेखांत तो वाक्यात येतच नाही.

30 जानेवारी 1948 ला मात्र 'वध' लिहू नये. लिहिलात तर ती बातमी उरत नाही, तुमचे मत होते. कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेंनीही आपल्या पुस्तकाचे नाव 'गांधीहत्या आणि मी' असे ठेवले. हल्लीच्या काही उत्साही मंडळींचे तेवढ्यावर भागत नाही, हा भाग वेगळा.

जुन्या प्रकरणांत 'गारदी' चालतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारले. सुमेरसिंगाचे नाव पोरांनाही पाठ असते. बाकीचा दोष लोकांनी आनंदीबाईंवर आणि 'ध'चा 'मा' करणाऱ्या एका अक्षरावर टाकला. रामशास्त्री प्रभुण्यांनी अक्षराची चौकशी केली नाही. थेट राघोबादादांना दोषी धरले.

ज्याला त्यांनी धरले, त्याला आज 'मुख्य सूत्रधार' म्हणतात. नाटकात हा गृहस्थ सर्वांत आधी रंगमंचावर येतो, बातमीत शेवटच्या परिच्छेदात. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा मारेकरी 'दोन अज्ञात मोटारसायकलस्वार' होते. 10 मे 2024 ला निकाल लागला : दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. सूत्रधारापर्यंत तपास पोहोचला नाही, असे न्यायालयानेच नोंदवले. अशा वेळी 'शोध सुरू आहे' लिहावे की 'शोध लागला नाही', हे मुख्य उपसंपादकांना विचारून घ्या. ते बहुधा पहिलेच ठेवायला सांगतील.