भाकितांचा हंगाम

गुढीपाडव्याला नवं पंचांग घरात येतं आणि भाकितांचा हंगाम सुरू होतो. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की चांगभलं. मोर, गाढव, उंदीर आले तर मध्यम. कोल्हा किंवा मेंढा निघाला की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. पुढे एप्रिलच्या मध्याला हवामान खातं आपला आकडा जाहीर करतं. त्यात जनावरं नसतात, टक्के असतात. आणि अक्षय तृतीया आली की वृत्तवाहिन्यांच्या गाड्या भेंडवळच्या रस्त्याला लागतात.

भेंडवळ हे बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. जमिनीवर गोल आखून त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, हरभरा, तीळ, सरकी अशी अठरा प्रकारची धान्यं ठेवायची. मधोमध खड्डा. खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई. शेजारी विड्याचं पान आणि सुपारी. रात्री तिथे कुणी थांबत नाही. पहाटे जाऊन पाहायचं: कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठलं धान्य जागचं हललं, कुरडई शाबूत आहे की गेली. त्यावरून पाऊस, पिकं, रोगराई आणि देशाचा राजा, सगळ्यांचा निकाल लागतो. राजाचं पान-सुपारीवरून ठरतं. वाहिन्यांच्या गाड्या मुख्यतः त्यासाठीच आलेल्या असतात.

चिकित्सक मंडळी म्हणतात, धान्य हलवतात ते वारा, मुंग्या आणि उंदीर. हलवत असतीलही. पण रात्रीतून उंदराने तूर पळवली, तर पुढे गोदामात तुरीचं जे व्हायचं असतं त्याचं इतकं नेमकं भाकीत दुसरं कोण करणार?

शहरातल्या माणसाने यावर फार हसू नये. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा थांबा आहे. तिथे उतरणाऱ्या किती जणांना हे सिमला कुठून आलं याचा पत्ता असेल, कोण जाणे. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला हललं. खातं आलं आणि येताना थंड हवेचं नाव घेऊन आलं. याच खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानचा पाऊस आधी कसा सांगता येईल म्हणून जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवत बसले होते. त्या खटपटीतून प्रशांत महासागराच्या दोन टोकांना हवेचा दाब आलटून पालटून वर-खाली होतो, हा मोठा शोध लागला. पाऊस मात्र पुढेही त्याला हवा तेव्हाच पडत राहिला. आपण ज्याला आज एल निनो म्हणून घाबरतो त्याच्या अभ्यासाचं एक मूळ असं आपल्याच पावसाच्या भाकितात आहे.

उद्याच्या ताटाची काळजी आपल्यालाच लागलेली असते असंही नाही. 1798 साली माल्थसने लोकसंख्या धान्याला मागे टाकणार असं सांगितलं. बरोबर शंभर वर्षांनी, 1898 साली, विल्यम क्रुक्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्रिस्टलच्या भाषणात त्यावर तारीखच घातली. त्यांचा हिशेब असा की, गव्हाची नवी जमीन संपत आली आहे, जमिनीला नत्र देणारं चिलीचं खनिजही संपणार आहे, आणि काही दशकांत पाव खाणाऱ्यांचे हाल होणार आहेत. भात-भाकरी खाणाऱ्यांची त्यांनी फारशी फिकीर केली नव्हती. पण उपाय सांगितला होता: हवेत नत्र खच्चून भरलेलं आहे, रसायनशास्त्रज्ञांनो, ते तिथून काढा. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 साली ते काढून दाखवलं आणि 1913 साली जर्मनीत त्याचा कारखाना सुरू झाला. आज कृषी सेवा केंद्रापुढे युरियासाठी जी रांग लागते, तिचं मूळ शोधत गेलं तर ते ब्रिस्टलच्या त्या सभागृहापर्यंत जातं. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेलं दुसरं खत दुकानदार गळ्यात मारतो, तेवढं मात्र क्रुक्ससाहेबांना दिसलं नव्हतं.

त्यांचं भाकीत खोटं ठरलं. ऐकणाऱ्यांनी ते मनावर घेतलं म्हणून. ग्रहण कोणी कितीही मनावर घेतलं तरी ठरल्या मिनिटाला लागतं. चंद्राला पंचांग वाचता येत नाही. शेतीचं भाकीत मात्र ज्यांच्याबद्दल केलेलं असतं त्यांच्याच कानावर जातं, आणि मग ते काही स्वस्थ बसत नाहीत.

आपल्या देशाचंही असंच झालं. 1967 साली पॅडॉक या दोघा अमेरिकन भावांनी ‘दुष्काळ 1975’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. जखमींची रांग लागली की डॉक्टर ज्याच्यात आशा उरलेली नाही त्याला बाजूला ठेवतो, तसं भारताला बाजूला ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. पुढच्याच वर्षी पॉल एर्लिक यांचं लोकसंख्येच्या बॉम्बवरचं पुस्तक आलं. येत्या दशकात कोट्यवधी माणसं भुकेने मरणार, असं त्यात ठणकावून सांगितलेलं होतं. मौज अशी की तो 1968 चाच उन्हाळा होता आणि उत्तर भारतात गव्हाचं इतकं उदंड पीक आलं होतं की ते ठेवायला गोदामं पुरेनात, म्हणून काही ठिकाणी शाळा रिकाम्या करून वर्गांत गहू भरला. दोनच वर्षांत गव्हाचं उत्पादन सव्वा कोटी टनांच्या आतून एक कोटी पासष्ट लाख टनांवर गेलं होतं. एर्लिकसाहेब तिकडे आपल्या उपासमारीचा हिशेब मांडत होते आणि इकडे गव्हामुळे पोरांना सुट्टी मिळत होती. टपाल खात्याने त्या वर्षी गहू क्रांतीचं तिकीटही काढलं.

ही किमया आपोआप झाली नाही. अमेरिकेच्या जहाजांवर देश जेवत होता, ही बोच सगळ्यांनाच होती. सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री होते, एम. एस. स्वामिनाथन आणि नॉर्मन बोरलॉग बियाण्याच्या मागे होते, आणि 1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बी आलं. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तर पुण्यात शनिवारवाड्यापुढच्या सभेत, राज्य दोन वर्षांत धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं सांगून टाकलं. हल्लीचे पुढारी भाकीत करताना फाशीचा विषय काढत नाहीत; 2030 किंवा 2047 असं, आपण खुर्चीत नसू तेव्हाचं साल सांगतात.

नाईकांच्या त्या हाकेनंतर संकरित ज्वारी गावोगाव गेली. कणसं भरघोस आली, कोठारं भरली, आणि पहिली भाकरी ताटात पडली तेव्हा म्हातारी माणसं गप्प झाली. चवच नव्हती. पुढे अंगाने वाढलेल्या पण दमाने कमी पडणाऱ्या पोराला ‘हायब्रीड’ म्हणायची पद्धत पडली, यात सगळं आलं. तरीही 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खायची वेळ आलीच, तेव्हा याच नाक मुरडणाऱ्यांना हायब्रीडची आठवण झाली असेल.

भाकीत करणारे विद्वान टन मोजतात, जेवणारा घास मोजतो. 1894 साली बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सांगितलं होतं की 2000 सालापर्यंत शेतीची गरज उरणार नाही. अन्न कारखान्यात बनेल आणि माणूस आपल्या वाट्याच्या गोळ्या खिशात घालून हिंडेल. गोळ्यांची पंगत डोळ्यांपुढे आणून पाहा. वरमाईला आग्रह कसा करायचा? “अहो, एक नको तर अर्धी तरी घ्या”? नवरीने नाव घेऊन घास भरवायचा तो कशाचा? 2000 साल आलं नि गेलं. गोळ्या आल्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या, ब जीवनसत्त्वाच्या, शिवाय प्रोटीनचे डबे. पण त्या जेवणाच्या जागी आल्या नाहीत, जेवणानंतर आल्या.

विन्स्टन चर्चिल यांनी 1931 साली लिहिलं होतं की छाती नाहीतर पंख खाण्यासाठी अख्खी कोंबडी वाढवायचा वेडेपणा पन्नास वर्षांनी थांबलेला असेल, हवा तो भाग वेगळा वाढवता येईल. 2013 साली लंडनमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या गोमांसाचा पहिला बर्गर तळून दाखवला. त्या एकाचा खर्च सुमारे अडीच लाख युरो होता. 2020 साली सिंगापूरने असं चिकन विकायला परवानगी दिली. म्हणजे साहेबांचं तारखेत चुकलं तरी विषयात फारसं चुकलं नाही. पण ते कोल्हापूरला जेवलेले नसावेत. नळी नसलेल्या मटणाला तिथे मटण म्हणायचं की नाही, यावर पंगतीत एकमत होणं कठीण आहे.

आता आमचे मामा. बार्शी तालुक्यात त्यांचं रान आहे, आणि पंचांग, भेंडवळ, हवामान खातं, सगळ्यांची भाकितं ते नेमाने ऐकतात. 2023 साली हवामान खात्याने 96 टक्के पाऊस सांगितला होता. हंगाम संपला तेव्हा देशभराचा हिशेब 94 टक्क्यांच्या आसपास निघाला. खातं चक्क पास झालं. फक्त त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. जुलैत झालेल्या पावसावर वाढलेलं सोयाबीन ऐन फुलात उन्हात उभं राहिलं आणि सप्टेंबरात पाऊस परत आला तेव्हा रानात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मामा म्हणाले, “वर्षाचा पगार पुरा दिला रे त्यानं. पोरांच्या फीच्या महिन्यात तेवढा दिला नाही.”

पाऊस कुणाचं ऐकत नाही म्हणून मामांची अडचण, आणि कांद्याच्या बाबतीत सगळेच ऐकतात म्हणून. एका साली कांद्याला भाव येतो. पुढच्या साली चढाच राहणार, असं पारावर, बाजार समितीत, व्हॉट्सॲपवर सगळीकडे बोललं जातं. मग सगळा तालुका कांदा लावतो आणि भाव कोसळतो. मोडक्या भावाला कंटाळून पुढच्या साली कुणी लावत नाही, की भाव पुन्हा वर. मॉर्डेकाय इझिकेल या अर्थतज्ज्ञाने 1938 साली हे चक्र सविस्तर मांडलं. त्याचा आलेख जळमटासारखा दिसतो म्हणून त्याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव आहे. मामांनी इझिकेल वाचलेला नाही, पण अडत्याची पट्टी वाचली आहे. एका वर्षी गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीत त्यांच्याच नावावर देणं निघालं होतं. अडत्याने ते सोडून दिलं, वर चहा पाजला.

पुढच्या वेळी मामांनी डोकं चालवलं. सगळे लावणार म्हणून आपण लावायचा नाही. पण गावात डोकं चालवणारे ते एकटे नव्हते. त्या वर्षी कुणीच कांदा लावला नाही, आणि भाव बघून मामींनी आठवडाभर कांद्याशिवाय पिठलं केलं. आणि समजा सगळं जुळून आलं, तरी भाव चढणार हे भाकीत दिल्लीलाही ऐकू जातं. 2023 च्या ऑगस्टात कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क आलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली. त्याच्या आदल्या साली गव्हाचं तसंच झालं. एप्रिलमध्ये आपण जगाला गहू पुरवणार होतो. मार्च-एप्रिलच्या उन्हाने दाणे सुकवले आणि मे महिन्यात निर्यातबंदी लागली.

ज्याचं भाकीत कुणी केलंच नव्हतं, ते मात्र मामांच्या रानात बिनबोभाट टिकून आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवड करून मालदांडी 35-1 हे वाण काढलं. पुढे संकरित आली, सगळ्या जुन्या वाणांना घरी बसवणार म्हणून गाजावाजा झाला. पण काळ्या रानातल्या ओलीवर, वरून थेंब न पडता रब्बीत उभी राहणारी मालदांडी अजून पेरली जाते, कारण तिची भाकरी खाणाऱ्याला आवडते आणि कडबा बैलाला. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगाने साजरं केलं, ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ म्हणायला लागले, आणि गरिबाची म्हणून हिणवलेली भाकरी हॉटेलात पोळीपेक्षा महाग झाली. असं होईल असं 1965 साली कुणी म्हटलं असतं तर त्याला भेंडवळच्या घटाशेजारी रात्रभर बसवून ठेवलं असतं.

2009 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने सांगितलं की 2050 पर्यंत जगाला 70 टक्के जास्त अन्न लागेल. आता बारामतीत उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता सल्ला देते, आकाशातून ड्रोन फवारणी करतात, आणि दिव्यांखाली मजल्यामजल्यावर पालेभाजी पिकवण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. दुसरीकडे, बोअर आणखी किती खोल जाणार, उन्हाळा आणखी किती चढणार, याची भाकितंही रोज छापून येतात. ती खोटी ठरावीत असं मनापासून वाटतं, पण क्रुक्सचं खोटं ठरलं ते कुणीतरी उठून कामाला लागलं म्हणून, हेही आठवतं.

यंदा पेरणीआधी मी मामांना विचारलं, “मामा, तुमचा काय अंदाज?”

“अंदाज कसला? दोन एकर सोयाबीन. मधल्या पट्ट्याला सोयाबीनमध्ये तुरीचं तास. बांधाकडेनं घरापुरता उडीद, मूग. काळ्या रानात रब्बीला मालदांडी. विहिरीपाशी अर्धा एकर कांदा, जास्त नाही. आणि विमा भरलाय.”

“म्हणजे पंचांग, हवामान खातं, बाजार, तुमचा कुणावरच विश्वास नाही?”

मामांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

“सगळ्यांवर आहे की,” ते म्हणाले. “थोडा थोडा.”