उन्हाला हमीभाव

नाशिक जिल्ह्यात अखेर एका पिकाला बांधून दिलेला भाव मिळू लागला. कांद्याला नाही, द्राक्षाला तर नाहीच. उन्हाला.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मूळ २०१७ ची, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. वीज उपकेंद्राजवळ रान असेल तर ते सौर प्रकल्पाला भाड्याने द्यायचं. वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये, किंवा जमिनीच्या सरकारी किमतीच्या ६ टक्के, जे जास्त भरेल ते. वर दरवर्षी ३ टक्के वाढ. औत नको, फवारणी नको, छाटणीच्या टोळीची मनधरणी नको. डाऊनी रोगाची भीती नाही. गारपीट झालीच, तर फुटतात त्या कंपनीच्या काचा.

शिवाय उन्हाला निर्यातबंदी नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याला बंदी लागली ती ४ मे २०२४ ला उठली. तीही ४० टक्के शुल्क आणि टनामागे किमान ५५० डॉलर भावाची अट मागे ठेवून. उन्हावर अशी अट घालायचं दिल्लीत अजून कोणाला सुचलेलं नाही. हे मी छापायला नको होतं.

म्हणजे शेतकऱ्याने पिकवणं थांबवलं की पैशाची हमी सरकार घेतं. पिकवत राहिला, तर लासलगावचा लिलाव आहेच.

शेतीला दिवसा वीज मिळावी, या योजनेच्या हेतूला मात्र नावं ठेवता येणार नाहीत. निफाडच्या उसात बिबट्या मुक्कामाला असताना रात्री लाइट येते आणि माणूस बॅटरी घेऊन पाणी भरायला निघतो. त्याच्यासाठी दिवसाचे आठ तास ही चैन नव्हे, जिवाची गोष्ट आहे. प्रकल्पाची वीज फीडरवर आली आणि ही रात्रपाळी सुटली, तर मंत्र्यांनी खुशाल फ्लेक्स लावावेत.

पण स्वतःच्या रानात, स्वतःच्या मोटरीसाठी शेतकऱ्याने ऊन पकडलं की हिशेब फिरतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५. नाव झकास आहे. फक्त मागायला जावं विजेचं कनेक्शन आणि हाती पडावा सौर पंप, असं व्हायला लागलं. मे महिन्यात प्लेटा रसरसून तापतात, तेव्हा चांदवडच्या विहिरीत तळ दिसतो. जुलैत विहीर भरते, तेव्हा आभाळ भरलेलं. मोटर बंद असेल त्या दिवसांची वीज विकावी म्हटलं, तर पंपाला ग्रीडची तारच नाही. कंपनीचं ऊन तारेत जातं, शेतकऱ्याचं प्लेटांवरच मरतं. त्याच प्लेटांवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर केंद्राच्या कुसुम योजनेला मान्य आहे. तो गावात कोणी पाहिला असेल तर कळवावं.

वाऱ्याची कथा आटोपशीर आहे. सिन्नर आणि अकोले तालुक्यांच्या शिवेवर, पट्टा किल्ल्याच्या परिसरात पवनचक्क्या फिरतात. वारा डोंगराचा, वीज ग्रीडची, फोटो ट्रेकरांचे.

माझी मागणी साधी आहे. उन्हाचा करार जसाच्या तसा कांद्याला लावा: ठरलेला भाव, दरसाल ३ टक्के वाढ, वर्षानुवर्षांचा कागद. यावर ठरलेलं उत्तर येतं, की कांदा नाशवंत आहे, त्याची हमी कशी घेणार? उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. बॅटरी नसेल तर दुपारी बाराची वीज बारा वाजून एक मिनिटापर्यंतही टिकत नाही. तिच्या कराराला मात्र नाशवंतपणा कुठे आडवा आला नाही.