इशारा पातळी

पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याकडं कान लावून बसतं. पाणी 39 फुटांवर आलं की इशारा, 43 वर गेलं की धोका. मधल्या चार फुटांत माणूस गाद्या माळ्यावर टाकतो, म्हशी वरच्या अंगाला हलवतो, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडं पोचवतो. आमच्या घरी हे पाणी बाराही महिने चढलेलं असतं, फक्त मधले चार फूट मिळत नाहीत. लेकीनं गाडीची किल्ली उचलली की इशारा. "मम्मी, घाबरू नको, मला काय झालेलं नाही," असा फोन आला की धोका.

गाडीला काय झालंय ते ती फोनवर सांगत नाही. ते उद्यमनगरातला मिस्त्री सांगतो.

पोरगी हुशार. बँकेत कर्ज विभागात आहे. समोरचा किती पाण्यात आहे ते कागद बघून सांगते. स्वतः मात्र गेल्या जुलैत परीख पुलाखाली गाडी घातली आणि इंजिन बंद पडल्यावर म्हणाली, "पाणी बघितलो होतो गं, पण एवढं असंल असं वाटलं नाही."

लायसन्स तिनं पहिल्या दमात काढलं, तेही एजंट न लावता. आरटीओच्या ट्रॅकवर गाडी रिव्हर्समध्ये इंग्रजी एचमधून काढून दाखवावी लागते, ती तिनं कुठंही न टेकता काढली. अडचण एवढीच, की त्या एचच्या आत रविवारचा महाद्वार रोड नसतो. नवरात्रातले भाविक नसतात, पापाच्या तिकटीला उलट्या बाजूनं येणारा टेम्पो नसतो, आणि "या ताई, लावा हितंच" म्हणून हात हलवणारा, पण गाडी घासल्याबरोबर गायब होणारा तो परोपकारी माणूसही नसतो.

तिच्या पराक्रमांची यादी मी ठेवलेली नाही, मिस्त्रीकडं आहे. पण त्या यादीत एक शिस्त आहे. पोरीनं आजवर हलत्या वस्तूला धक्का लावलेला नाही. जे जे लागलं ते सगळं आपापल्या जागी उभं होतं. शेजाऱ्यांचा कठडा, विजेचा डांब, बँकेच्या तळघरातली भिंत, रंकाळ्यावरची भेळेची गाडी. भेळवाल्याचे चुरमुरे रस्त्यावर सांडले होते, तरी त्यानं आधी हिला पाणी दिलं, मग भेळ दिली, आणि मग नुकसान सांगितलं. कोल्हापुरात भांडणसुद्धा उपाशीपोटी होत नाही.

आमच्या फाटकाच्या खांबाचा विषय वेगळा. "मी ब्रेक मारलो की! खांब थांबला नाही," हे तिचं म्हणणं ऐकून ह्यांनी खांबाला लाल-पांढरे पट्टे मारले. मग रिफ्लेक्टर लावला. मग जुना टायर बांधला. टायर बांधल्यापासून ती जास्तच निर्धास्त झाली आहे.

गाडी अडकली की बघे जमायला आपल्याकडं मिनिटही लागत नाही. एकजण "मागं घ्या" म्हणतो, दुसरा "पुढं घ्या", तिसरा "कट मारा", चौथा मोबाईल काढतो. एकदा मिरजकर तिकटीला ती दोन गाड्यांच्या मधे अशी रुतली, की तालमीतली चार पोरं आली, गाडीचं मागचं अंग हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि "जावा ताई" म्हणून परत मेहनतीला गेली. पॉवर स्टेअरिंग म्हणतात ते हेच असावं.

विम्याची कथा थोडक्यात सांगते. वर्षभर क्लेम केला नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. पाच वर्षं तसंच राहिलात तर ती 50 टक्क्यांवर जाते. शाळेत कधी नव्वदच्या खाली न आलेल्या पोरीला इथं दरसाल भोपळा. बारीकसारीक पत्रा ठोकायचा, लांबी भरायची, रंगाचा टचअप करायचा, तर तो खर्च घरातून. ह्या शहरानं रस्त्यावर उतरून टोल घालवला, 2015 अखेर सरकारला तो रद्द करावा लागला. मोर्चात हेही होते, घसा बसेपर्यंत ओरडले होते. तेच गृहस्थ आता मुकाट्यानं उद्यमनगरचा नाका भरून येतात आणि पावतीसुद्धा मागत नाहीत.

ह्या सगळ्यावर सर्वांत मोठ्यांदा हसतात ते आमचे दीर. त्यांची स्वतःची कीर्ती म्हणजे 'पुणं तीन तासांत'. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर अंतर, मधे खंबाटकी, जागोजागी सहापदरीकरणाची खोदाखोदी, तरी तीन तासांत. सांगून झालं की ऐकणारे "नाद खुळा" म्हणतात आणि मी चहा ठेवते. परवा मी चहा ठेवला नाही. केंद्र सरकारचा अहवाल काढून वाचून दाखवला. 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. दहांतली सातपेक्षा जास्त भरधाव वेगापायी. आणि गेलेल्यांत दहांतले आठपेक्षा जास्त पुरुष. "रस्त्यावर पुरुषच जास्त असतात, वहिनी, म्हणून मरतातही जास्त," दीर म्हणाले. मान्य. पण खांबाला ताशी पाच किलोमीटरनं भेटणाऱ्या पोरीला हसायचं आणि घाटात ट्रकच्या डावीकडून मुसंडी मारणाऱ्याची पाठ थोपटायची, हा हिशोब कुठल्या बँकेचा? पत्रा ठोकून सरळ होतो. मिस्त्री एवढंच करू शकतो.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून मोटारसायकलीमागं पळवतात. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा तो कान फाडणारा आवाज, तो धूर, दोन्ही अंगांना माणसांची भिंत. तरी म्हैस पुढच्या गाडीवर जाऊन आदळलेली मी तरी बघितलेली नाही. अंतर ठेवून पळते, मालक थांबला की थांबते. महामार्गावर मागून अप्पर-डिप्पर मारत अंगावर येणाऱ्यांना एकदा तिथं नेऊन उभं करायला हवं. शिकवणी म्हशींकडंच लावावी, फी पेंडीत द्यावी.

मध्यंतरी सांगलीहून एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, रूपानं बरा, पगारानं चांगला. त्याच्या आईनं विचारलं, "मुलीला गाडी येते का?" ह्यांनी चहाचा कप तोंडाला लावला, तो बराच वेळ खाली आलाच नाही. मी म्हणाले, "येते की. सावकाश चालवते." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुलगा हसला. "मी पुण्याहून सांगली पावणेतीन तासांत मारतो," म्हणाला. दिरांच्या चेहऱ्यावर वारस मिळाल्याचं समाधान पसरलं.

लेक पोह्यांच्या रिकाम्या बशा घेऊन आत आली आणि माझ्या कानाशी लागली. "मम्मी, नको. मी त्याच्या शेजारी बसायला भितो."

विषय तिथंच मिटला. पण पाहुण्यांची कोरी गाडी फाटकाच्या आत, तोंड घराकडं करून लावलेली. ती आता रिव्हर्समध्ये बाहेर काढायची होती. दीर तत्परतेनं पुढं झाले. लेकीनं त्यांना हातानं बाजूला सारलं आणि स्वतः मागं जाऊन उभी राहिली. "येऊ द्या, येऊ द्या... जरा उजवीकडं कट मारा... आता सरळ... येऊ द्या!" गाडी केसभरही न घासता रस्त्यावर गेली. मुलाची आई म्हणाली, "पोरीची नजर भारी आहे हं." त्या खांबाची इतकी खडान्‌खडा माहिती आमच्या घरात दुसऱ्या कुणाला नाही, हे मी त्यांना सांगत बसले नाही.