थांबला तो दंडला

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरचं पोर्तोफिनो म्हणजे जेमतेम चारशे वस्तीचं गाव. एकेकाळी कोळ्यांचं. गुलाबी-पिवळ्या घरांची रांग, पुढ्यात इवलंसं बंदर, आणि बंदरात अख्ख्या गावाला भारी पडतील अशा यॉट. देखावा असा की पाय थबकलेच पाहिजेत. नेमक्या त्याच जागी 2023 साली पालिकेनं ‘रेंगाळू नका’ असं फर्मान काढलं. सेल्फीसाठी घुटमळलात, तर दंड 275 युरोपर्यंत; म्हणजे पंचवीसेक हजार रुपये. एवढ्यात आपल्याकडे गुहागरला सहकुटुंब चार दिवस रेंगाळता येतं, वर सोलकढी!

त्याच किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रेची पाच गावं. त्यातल्या दोन गावांना जोडणारी कड्यालगतची पायवाट ‘प्रेमाची वाट’ म्हणून प्रसिद्ध. 2012 मध्ये तिच्यावर दगड कोसळले आणि प्रेमाचं बहुतेक कामकाज बंद पडलं. दुरुस्त होऊन 2024 मध्ये ते पूर्ववत झालं खरं, पण आता आधी नोंदणी, वेगळं शुल्क, ठरवून दिलेली वेळ आणि वाहतूक एकेरी. प्रेमात मागे फिरता येत नाही, असं कवी उगाचच इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होते. पालिकेनं ते तिकिटाच्या अटींतच घालून टाकलं.