सत्तावीस अंशांचे सर

केमिस्ट्रीच्या सरांना आडनाव नसतं, आद्याक्षरं असतात. लातूरच्या ट्यूशन एरियात मान वर केली की फ्लेक्सवर ती रांगेनं लटकलेली दिसतात. खाली टॉपर लेकरांचे पासपोर्टएवढे फोटो आणि शेजारी हाताची घडी घातलेले सर, पूर्णाकृती. फिजिक्सचे सर चिडके असतात, बायोलॉजीच्या मॅडम प्रेमळ असतात, गणिताचे सर कुणाशी बोलत नाहीत. केमिस्ट्रीचे सर मात्र सतत बोलतात आणि शक्यतो फॉर्म्युल्यात बोलतात.

भाचीच्या डेमो लेक्चरला ताईसोबत मीही शेवटच्या बाकावर जाऊन बसलो होतो. सरांच्या कॉलरला माइक, खिशात काळा, निळा आणि लाल मार्कर. लाल फक्त चौकटीसाठी. फळ्यावर एक ओळ लिहायची, लाल चौकट करायची आणि दोनदा ठोकायची, की दोनशे पोरं खाली मान घालून वहीत चौकट करतात. चौकटीत असतं तेवढंच सत्य, बाहेरचं सगळं डेरिव्हेशन. "डेरिव्हेशन बोर्डाला येतं लेकरांनो, नीटला येत नाही." नीटला केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, १८० गुण, चुकलं की एक गुण वजा. एवढ्या घाईत बॉईल आणि चार्ल्स यांनी कशापायी जन्म घालवला, हे कोण विचारणार? दोघांना अव्होगाड्रोसकट एका चौकटीत कोंबलं की झालं पीव्ही बरोबर एनआरटी.

यातल्या 'आर'वर सरांचा विशेष जीव. तो एकच, पण युनिट बदललं की वेगळा दिसतो : जूलमध्ये ८.३१४, लिटर-अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये ०.०८२१, कॅलरीत जवळजवळ दोन. चुकीचा आर घेणाऱ्याला सर माफ करत नाहीत. तापमान सेल्सिअसमध्येच ठेवणाऱ्याला तर ते वर्गाबाहेरच काढतात. "२७३ मिळव आणि मग आत ये."

या जगात तापमान बहुतेक वेळा २७ अंशच असतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. बाहेर मे महिना, पारा बेचाळिसावर, वर्गातला कूलर नुसताच आवाज करतोय आणि फळ्यावरचा वायू मात्र २७ अंशांत निवांत. कारण उघड आहे. २७ म्हणजे केल्विनमध्ये सरळ ३००, आणि ३०० गुणिले ०.०८२१ म्हणजे २४.६. ते पोरांना पाठ असतं. कॅल्क्युलेटर न्यायची परवानगी नाही, तेव्हा हवामानानेच समजुतीनं घेतलेलं बरं. आणि हा वायू आदर्श असतो. असा वायू जगात कुठे मिळत नाही, हे सर स्वतःच सांगतात. खऱ्या वायूंसाठी व्हॅन डर वाल्सने १८७३ साली दोन दुरुस्त्या सुचवल्या, हेही सांगतात. सांगून लगेच आदर्शाकडे परततात.

लॉग दोन ०.३०१०, लॉग तीन ०.४७७१, लॉग सात ०.८४५१. हे सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचं, आमच्या लहानपणी पावकी-निमकी म्हणायचो तसं. शेजारच्या चहाच्या गाडीवरचा पोरगासुद्धा लॉग पाचपर्यंत बिनचूक म्हणतो.

सरांची गणितं गावातली असतात, हे मात्र मला मनापासून आवडलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन. "त्यात मोल किती?" सरांनी फळ्यावर वाघिणी काढल्या. ग्रॅम भागिले अठरा, सुमारे दोन कोटी अठ्ठ्याहत्तर लाख मोल. "आणि रेणू?" गुणिले ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. एवढे रेणू येऊनही नळ कोरडे का होते, हा प्रश्न सिलॅबसमध्ये नाही.

सरांची दुखरी जागा एकच, २२.४. एसटीपीला कोणत्याही वायूचा एक मोल २२.४ लिटर जागा व्यापतो, यावर त्यांचं सगळं शिक्षण उभं. आंतरराष्ट्रीय मंडळाने १९८२ साली प्रमाण दाब एक अ‍ॅटमॉस्फिअरऐवजी एक बार ठरवला आणि २२.४ चे २२.७ झाले. सर आजही २२.७ लिहितात ते सवतीच्या पोराचं नाव घ्यावं तसं. "पेपर काढणारा पन्नाशीचा असेल तर २२.४," ते म्हणाले, "तिशीचा असेल तर २२.७." पेपर काढणाऱ्याचं वय कसं ओळखायचं, याचा फॉर्म्युला ते अ‍ॅडमिशननंतर देतात.

मधल्या सुट्टीत ताईने विचारलं, "सर, हिच्यावर जरा प्रेशर ठेवाल ना?"

"जपून, ताई. प्रेशर वाढवलं की इक्विलिब्रियम सरकतं. ले शातेलिये."

"कुठं सरकतं?"

"जिकडे गर्दी कमी, तिकडे."

ताईने माझ्याकडे संशयाने पाहिलं. माझ्या घरी मी एकटाच असतो.

सुट्टीनंतर सरांनी त्यांचा हुकमी सापळा लावला. "दहाचा उणे आठवा घात मोलर एचसीएल. पीएच?" अख्खा वर्ग ओरडला, "आठ!" सरांनी मार्करचं टोपण लावलं, चष्मा काढला, पुसला. "वा. म्हणजे अ‍ॅसिडात पाणी ओतत गेलं की त्याचं अल्कली होतं. आज घरी जाऊन आईला सांगा, लिंबाचं सरबत जास्त पातळ केलं की त्याचा साबण होतो." मग पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन कसे विसरलात, ते दाखवून त्यांनी उत्तर काढलं : ६.९८. सातच्या किंचित खाली, अ‍ॅसिडची अब्रू राखून.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, ही पीएचची भानगड काढली कुणी?"

आणि सर बदललेच. हातातला मार्कर खाली गेला, आवाज उतरला. एम.एस्सी.ला असताना ते असेच बोलत असावेत. सोरेनसेन म्हणून एक डॅनिश माणूस. १९०९. कोपनहेगनची कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा. तिथे एन्झाइम्सवर काम करताना त्याला आम्लता मोजायची सुटसुटीत पट्टी हवी होती. तसाच तो अव्होगाड्रो. त्याचं गृहीतक १८११ चं. बिचारा १८५६ ला वारला आणि त्याच्या नावाची ती संख्या त्याला कधी कळालीच नाही. पोरांनी पेनं खाली ठेवली होती. दोन-चार मिनिटं फळ्यावर नवीन चौकट नाही.

मागून एकाने हात वर केला. "सर, कार्ल्सबर्ग म्हणजे ती बिअरची?"

"तीच. कारखान्यानेच काढलेली प्रयोगशाळा."

"मग बिअरचा पीएच किती असतो?"

"चार ते साडेचार," सर क्षणार्धात म्हणाले.

वर्ग एकदम शांत झाला. दोनशे पोरं आणि निदान तीस पालक सरांकडे नव्या आदराने पाहू लागले. ताईने पर्समधून फीची पावती काढून पुन्हा एकदा वाचली.

"पुस्तकात दिलंय," सर म्हणाले आणि लाल मार्कर उचलून घाईघाईने चौकट काढू लागले. आत काय लिहायचं, ते अजून ठरायचं होतं.