चव तपासनीस

मराठी घरात घरटी एक चव तपासनीस असतो. पद बिनपगारी, नेमणूक जन्मसिद्ध, निवृत्तीचं वय नाही. पात्रता एकच: स्वतः कधी स्वयंपाक केलेला नसावा. केला असेल तर निकाल देताना दयामाया आडवी येते.

तपासणीची रीत ठरलेली. पहिला घास घ्यायचा, डोळे बारीक करायचे आणि पानावर बसलेल्या सगळ्यांचे हात थांबेपर्यंत काही बोलायचं नाही. मग म्हणायचं, ‘आमटी छान झालीय. पण...’

‘पण काय?’

‘काही नाही गं. आईच्या आमटीत ते एक असायचं.’

‘काय असायचं? आमसूल घातलंय. चिंच हवी होती का?’

‘चिंच नाही. ते आपलं... काहीतरी.’

हे ‘काहीतरी’ वाण्याकडे मिळत नाही. गोड्या मसाल्याच्या यादीत दगडफूल असतं, नागकेशर असतं, ‘काहीतरी’ नसतं. वायगावच्या हळदीला आणि भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तपासनीसांचा आग्रह असा की तेच मानांकन त्यांच्या आईच्या पळीलाही मिळावं आणि हद्द त्यांच्या जुन्या वाड्याच्या उंबरठ्यापर्यंतच असावी.

कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली ‘रुचिरा’ लिहिलं आणि ‘अंदाजानं घाल’ या जाचातून नव्या सुनांना सोडवलं. वाटी, चमचा, इतक्या माणसांना इतकं; सगळं मापात. तपासनीसांना ते पुस्तक तेव्हापासून खटकतं. चमच्यानं मोजता येते ती घराण्याची चव कसली? त्याआधी 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ छापून आलं होतं. म्हणजे पाककृती लिहिण्याची वाट एका पुरुषानं तेव्हाच पाडून दिली होती. पुढच्या बहुतेकांनी मात्र हा विषय फक्त तोंडी परीक्षेला ठेवला.

सुनेनं हौसेनं नवं काही केलं की तपासनीसांचा सूर आणखी चढतो. परवा तिनं मश्रूमची भाजी केली. खोबरं-कांद्याचं वाटण लावून, चांगली झणझणीत. तपासनीसांनी एक फोड बोटानं बाजूला सारली. ‘हे आपल्याकडचं नाही.’ पावसाळ्यात रानातली अळंबी कोकणात आणि आदिवासी पाड्यांवर किती आवडीनं खाल्ली जाते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ‘आपल्याकडे’ म्हणजे त्यांच्या लहानपणीचं ताट. तिथं जे नव्हतं ते परदेशी.

दुसऱ्या दिवशी एकादशी. ताटात साबुदाण्याची खिचडी, म्हणजे निखळ आपलं, सात्त्विक, परंपरेचं. आता साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि बराचसा साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलमहून. दाणे दक्षिण अमेरिकेचे, बटाटाही तिकडचाच, हिरवी मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली. एवढी मंडळी सोवळ्यात बसली आणि सुनेनं वरून कोथिंबीर भुरभुरली, तर तपासनीस ओरडले, ‘अगं, उपासाला कोथिंबीर?’ पाणिनीनं आपल्या व्याकरणात जिच्या नावासाठी वेगळं सूत्र केलं, ती कोथिंबीर एवढ्या शतकांनंतरही त्या ताटात उपरी. बटाट्याला मात्र पाट मांडलेला.

तपासनीसांची स्मरणशक्ती तशी दांडगी, पण निवडक. आईच्या पुरणपोळ्या आठवतात, कोथिंबिरीच्या वड्या आठवतात. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लालसर मिलो यायचा. त्याच्या भाकऱ्याही याच माउलीनं थापल्या होत्या, आणि मुलांनी त्या तोंडं वाकडी करत खाल्ल्या होत्या. ‘आईच्या हातच्या मिलोच्या भाकरीची सर कशाला नाही’ असा उसासा मात्र मी अजून कुणाकडून ऐकलेला नाही. त्या आठवणीला बहुधा पुरेसं तूप लागलं नसावं.

शेवटी सुनेनं मूळ पुरावाच गाठला. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि आतल्या खोलीत मोबाइलवर थाई करीचे व्हिडिओ बघतात.

‘आई, तुमच्या आमटीत नेमकं काय असायचं हो?’

‘आमटीत? पाणी,’ त्या म्हणाल्या. ‘डाळ पुरायची कुठे? पानावर कोण येऊन बसेल याचा नेम नाही. पाणी वाढवायचं, पातळ दिसू नये म्हणून डाळीच्या पिठाचा हात लावायचा, आणि गुळाचा खडा जरा मोठा टाकायचा.’

‘लागायची कशी?’

‘ते त्यालाच विचार. आम्ही बसेपर्यंत ती गार झालेली असायची, आणि बरेचदा तळच उरायचा.’ मग जरा थांबून, ‘ती परवाची मश्रूमची भाजी आहे का गं उरलेली?’

साक्ष शब्दशः तपासनीसांपुढे ठेवण्यात आली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि फेटाळली.

‘आईला आता नीट आठवत नाही,’ ते म्हणाले. ‘वय झालंय तिचं.’ आणि आमटीची वाटी पुढे केली. ‘अजून थोडी वाढ. पण...’